'सालोन मेहिको' (१९४९) : एका दुहेरी जीवनाचा ऐतिहासिक अन्वयार्थ

१९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत स्थिरावलेल्या राज्यसंस्थेने शाळा, संग्रहालये आणि भित्तिचित्रे यांच्या साहाय्याने राष्ट्राची एक उदात्त प्रतिमा घडविली. मिगेल आलेमान यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीत (१९४६-५२) औद्योगिकीकरणाला गती मिळाली, राजधानीकडे लोकांचा ओघ वाढला आणि नृत्यगृहांतील स्त्रियांच्या जीवनावरील चित्रपटांची लाटच आली. या लाटेतील एमिलियो फर्नांदेस दिग्दर्शित 'सालोन मेहिको' हा चित्रपट त्या उदात्त प्रतिमेचा खर्च कोण भागवते, हा अडचणीचा प्रश्न उपस्थित करतो.

नायिका मर्सेदेस (मार्गा लोपेस) राजधानीतील 'सालोन मेहिको' या नृत्यगृहात पुरुषांबरोबर नाचून उपजीविका करते. हे नृत्यगृह काल्पनिक नव्हते. अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांनी त्याच नावाची वाद्यवृंदरचना केली होती. मर्सेदेसची धाकटी बहीण बिआत्रिस मुलींच्या प्रतिष्ठित निवासी शाळेत शिकते. ताईच्या कमाईचे स्वरूप तिला ठाऊक नाही. आरंभीच दान्सोन नृत्याच्या स्पर्धेत मर्सेदेस व तिचा जोडीदार पाको विजयी होतात. पाको बक्षिसाची रक्कम स्वतःकडे ठेवतो आणि तो झोपेत असताना ती रक्कम मर्सेदेस उचलते. शाळेची फी अशी उभी राहते.

येथे दुहेरी जीवन म्हणजे केवळ एका स्त्रीची फसवणूक नव्हे. भेटीच्या दिवशी मर्सेदेस साध्या, सभ्य वेशात बहिणीला घेऊन प्राचीन शिल्पांच्या संग्रहालयात जाते. बिआत्रिसचा नियोजित वर रोबेर्तो हा २०१ क्रमांकाच्या हवाई पथकातील वैमानिक. हे पथक १९४५ मध्ये फिलिपाइन्सच्या आघाडीवर लढले होते. शाळा, संग्रहालय, सैन्य अशी राष्ट्राची सारी गौरवस्थाने बिआत्रिसच्या वाट्याला येतात, आणि ती गाठण्याचा मार्ग मात्र नृत्यगृहातून जातो. छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआ यांनी ही दोन विश्वे प्रकाश आणि अंधार यांच्या तीव्र विरोधातून दाखविली असली, तरी दोहोंचा जमाखर्च एकच आहे.

हे गुपित जपणारा लुपे (मिगेल इंक्लान) पोलीस शिपाई असावा, ही बाब लक्षणीय आहे. गणवेशातील हा गरीब माणूस मर्सेदेसवर प्रेम करतो, तिच्या त्यागाचे मोल जाणतो. अखेरीस मर्सेदेस आणि पाको एकमेकांच्या हातून मरतात. बिआत्रिसला सत्य कळतच नाही. फर्नांदेस यांनी मर्सेदेसला पूजनीय ठरविले, पण जगू दिले नाही. मेक्सिकोतील स्त्रियांना नगरपालिकांच्या निवडणुकीत मताधिकार १९४७ मध्ये मिळाला होता, राष्ट्रीय पातळीवर तो १९५३ मध्ये मिळावयाचा होता. चित्रपट या दोहोंच्या मधला आहे.

याउलट आल्बेर्तो गाऊत यांच्या 'आवेंतुरेरा' (१९५०) मध्ये ग्वादालाहारातील प्रतिष्ठित कुटुंबप्रमुख स्त्रीच गुप्तपणे कुंटणखाना चालविते. तिचे बिंग नायिका फोडते, आणि तेथे नायिका शेवटपर्यंत जिवंत राहते.