कुरणावरचे भूर्जवन

जपानचे नाव घेताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे जी चित्रे उभी राहतात त्यांत चेरीचा बहर, फुजीचे शिखर आणि मेपलची तांबडी पाने हीच बहुधा अग्रभागी असतात. भूर्जवृक्ष त्यांत सहसा नसतो, आणि हे खुद्द जपानी परंपरेला धरूनच आहे. तेथील जुन्या दरबारी काव्यात चेरी, पाइन आणि मेपल यांना जो मान लाभला, तो शुभ्र भूर्जाच्या वाट्यास कधी आला नाही. आज मात्र मध्य जपानातील डोंगराळ प्रदेशाची चित्रपत्रे चाळली, तर दर दोन-तीन पत्रांमागे एकावर तरी या झाडाचे पांढरे खोड दिसतेच. हा पालट केव्हा व कसा झाला हे पाहण्याच्या इच्छेने आम्ही शिनानो प्रांतातील, म्हणजे हल्लीच्या नागानो जिल्ह्यातील, एका भूर्जवनास वेगवेगळ्या ऋतूंत चार वेळा जाऊन आलो.

हे वन यात्सुगाताके पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर, याचिहो नावाच्या पठारावर आहे. तोक्योहून जलद गाडीने साकुदाइरा, तेथून चिकुमा नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या कोउमी मार्गाच्या लहानग्या गाडीने याचिहो स्थानक आणि पुढे मोटारीने चढण, असा रस्ता आहे. 'याचिहो' या अक्षरांचा अर्थ आठ हजार कणसे असा होतो. परंतु वनापाशी पोचेपर्यंत कणसे कधीच मागे पडलेली असतात. सुमारे सव्वापाच हजार फुटांच्या उंचीवर, पाचशे एकरांच्या आसपास जागेत, पाच लाख भूर्जवृक्ष असल्याचे तेथील लोक सांगतात. आम्ही मोजले नाहीत, पण आकड्याविषयी शंका घ्यावी असेही काही दिसले नाही.

आमच्याकडे भूर्ज म्हणताच भूर्जपत्र, ताईत आणि काश्मिराकडील जुन्या पोथ्या आठवतात. तो भूर्ज हिमालयातला. हा त्याचा भाऊबंद. साल तशीच कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. मात्र हिचा रंग अधिक पांढरा, चुन्याचा हात दिलेल्या भिंतीसारखा. फांदी गळून पडली म्हणजे खोडावर काळी खूण राहते. तिचा आकार घराच्या उतरत्या छपरासारखा, अगदी जपानी लिपीतील 'हे' या अक्षरासारखा असतो. त्यामुळे प्रत्येक खोडावर कोणी एकच अक्षर पुनःपुन्हा गिरवून ठेवले आहे असा भास होतो.

पहिल्यांदा गेलो तो मे महिन्याचा उत्तरार्ध होता. वरच्या शिखरांवर बर्फाचे पट्टे राहिले होते आणि खाली भूर्जांना नुकती पालवी फुटली होती. पाने इतकी कोवळी व विरळ, की उन्हाची सावली पडण्याऐवजी हिरवा उजेडच जमिनीवर पडत होता. कोकिळेच्या कुळातील एक पक्षी दूरवर दोनच स्वर आळवीत होता. मनुष्याच्या हाताचा स्पर्श न झालेले अरण्य ते हेच, असे आम्ही त्या रात्री घरच्या पत्रात लिहिले. ते वाक्य आता वाचताना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्या अरण्याविषयी याहून चुकीचे विधान करणे कठीण आहे.

चूक ध्यानात आली ती पुढल्या जून महिन्यात. त्या वेळी वनाच्या तळाशी जणू वणवा पेटला होता. रेंगे-त्सुत्सुजी या नावाचे नारिंगी फुलांचे झुडूप तेथे कंबरभर उंचीने माजते, आणि जूनच्या मध्यास पांढऱ्या खोडांखाली ते सर्वत्र फुलते. आम्ही फुलांची वाखाणणी करू लागलो, तेव्हा उतारगृहाचे वृद्ध यजमान हसून म्हणाले, "ही फुले येथे का उरली, ते आपण विचारले नाहीत. ती विषारी आहेत. घोडी सगळे खात, एवढेच टाकीत."

या एका वाक्याने त्या वनाचा इतिहास आमच्यापुढे उलगडला. झाडाझुडपांचे जे काही जनावरांना रुचण्याजोगे होते, ते पिढ्यान् पिढ्या खाल्ले गेले. ज्याला त्यांनी तोंड लावले नाही, ते झुडूप मात्र फोफावले. ज्या फुलोऱ्यास प्रवासी निसर्गाचा विलास समजतात, तो खरे पाहता घोड्यांनी न वाचलेला शेवटचा परिच्छेद आहे. शिनानोच्या उंच पठारांवर जेथे जेथे हे झुडूप दाट आढळते, तेथे तेथे पूर्वी कुरण असावे असा संशय धरण्यास जागा असते.

आणि कुरणांची परंपरा या प्रांतात फार जुनी आहे. इ. स. ९२७ मध्ये पुरा झालेल्या 'एन्गीशिकी' या राजकीय विधिनियमांच्या संग्रहात सम्राटाच्या खास कुरणांची यादी आहे. चार प्रांतांत मिळून ती ३२ होती आणि त्यांपैकी निम्मी, म्हणजे १६, एकट्या शिनानोत होती. दरवर्षी क्योतोच्या दरबारात २४० घोडी पाठवावी लागत. त्यांतील ८० शिनानोची. या सोळांमध्ये अग्रस्थान मोचिझुकीच्या कुरणाचे. ते आमच्या भूर्जवनाच्या उत्तरेस, साकु प्रदेशातच होते. मोचिझुकी म्हणजे पूर्ण चंद्र. आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेस तेथील घोडी राजधानीत सादर होत, यावरून हे नाव पडले असे सांगतात. घोडी डोंगर उतरून, खिंडी ओलांडून, ओसाकाच्या नाक्यावर येत, तेथे दरबारी मंडळी त्यांना सामोरी जात. (हे ओसाका क्योतोजवळच्या टेकडीवरचे, प्रसिद्ध बंदराशी त्याचा संबंध नाही.) कवी की नो त्सुरायुकी याने हे दृश्य एका कवितेत आणले आहे. म्हणजे शिनानोचे पठार दरबारी काव्यात शिरले ते घोड्याच्या पाठीवर बसून. झाडाला तेथे वाव मिळाला नाही.

पुढे दरबाराची सत्ता ओसरली आणि राजकुरणे मोडली, परंतु गवत मोडले नाही. कामाकुराच्या काळात याच डोंगराळ भागातील किरीगामिने पठारावर सुवा देवस्थानाच्या शिकारोत्सवासाठी योद्धे जमत. प्रेक्षकांना बसण्यासाठी उतारावर खोदलेल्या पायऱ्या अजूनही दिसतात. त्यानंतरच्या शतकांत गवताचे धनी गावकरी झाले. भातशेतीला खत हवे, आणि खत म्हणजे डोंगरावरचे गवत व कोवळ्या फांद्या कापून चिखलात तुडविणे. घोड्याला वैरण हवी, छपराला शाकार हवा. म्हणून प्रत्येक गावाचा डोंगरावर सामाईक हक्क असे. वसंताच्या आरंभी कुरण जाळावे, उन्हाळ्यात कापावे, हा क्रम अव्याहत चाले, आणि या हक्कांवरून गावागावांत तंटे होत. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा असा गवताळ होता. आज तो शंभरातील एक भाग उरला आहे. जपान हा अनादी काळापासून अरण्यांचा देश, अशी जी समजूत आहे ती या आकड्यांपुढे बरीच ढिली पडते.

मग ते गवत गेले कोठे? रासायनिक खत आले, यंत्र आले, घोडा गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत कुरण जाळण्याचे व कापण्याचे प्रयोजनच संपले. काही ठिकाणी सरकारने व गावांनी लार्चची लागवड केली. उरलेल्या ठिकाणी भूर्ज आपण होऊन आला. त्याचे बी अतिसूक्ष्म, पंख असलेले. वारा ते कोठेही नेतो. उघडी माती आणि भरपूर ऊन मिळाले की ते रुजते व भराभर वाढते. सावलीत मात्र त्याचे काही चालत नाही. म्हणून जळालेल्या, तुटलेल्या किंवा टाकून दिलेल्या जमिनीवर सर्वांआधी येणारा वृक्ष तो हाच. तो दीर्घायुषीही नाही. सत्तर-ऐंशी वर्षे म्हणजे त्याचे भरल्या संसाराचे आयुष्य. शंभरी गाठणारे थोडे. त्याच्या स्वतःच्या छायेत त्याची पोरे जगत नाहीत. तेथे वाढतो तो ओक, नाही तर फर.

या झाडाला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र पुस्तकांतून. १९१० च्या एप्रिलमध्ये तोक्योतील सरदारपुत्रांच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'शिराकाबा', म्हणजे शुभ्र भूर्ज, या नावाचे मासिक काढले. मुशानोकोजी सानेआत्सु, शिगा नाओया, आरिशिमा ताकेओ, यानागी मुनेयोशी ही नावे जपानी वाङ्मयाच्या व कलेच्या इतिहासात चिरस्थायी झाली आहेत. रोदँ, सेझान, व्हॅन गॉग यांची चित्रे त्यांनी जपानी वाचकांपुढे आणली आणि व्यक्तीच्या आत्मविकासाचा उद्घोष केला. या मासिकाचे सर्वांत निष्ठावंत वाचक निघाले ते नागानोतील प्राथमिक शाळांचे शिक्षक! ज्या डोंगरी शाळांच्या भोवती खरे भूर्ज उभे होते, तेथे हे कागदी भूर्ज पोचले. क्रमिक पुस्तके बाजूस ठेवून शिक्षक मुलांना चित्रे दाखवू लागले, आणि १९१९ मध्ये त्यांपैकी काहींना नोकरीसही मुकावे लागले. १९२३ च्या भूकंपाबरोबर मासिक बंद पडले. नावाचा सुगंध मात्र राहिला. पुढे नागानोतच शेतीला फार गार पाणी मिळू नये म्हणून ते साठवून उन्हात तापविण्यासाठी एक तलाव बांधला. तो १९४६ मध्ये पुरा झाला, आणि आज त्याचे नाव शिराकाबा तलाव असे आहे. पाणी तापविण्याच्या हौदास इतके काव्यमय नाव क्वचितच लाभले असेल.

तिसऱ्या खेपेस आम्ही ऑगस्टात गेलो. तो ओबोनचा, म्हणजे पितरांच्या आगमनाचा काळ. नागानोतील पुष्कळ ठिकाणी, विशेषतः मात्सुमोतोच्या बाजूस, पितरांना वाट दिसावी म्हणून दारात भूर्जाची साल पेटवितात. तिला 'काम्बा' म्हणतात. सणाच्या दिवसांत ती दुकानांतून जुड्या बांधून विकावयास असते. सालीत तेल असल्यामुळे ती ओलसर असली तरी पेटते, आणि काळा धूर सोडीत ज्योत वर चढते. शिराकाबा मासिकाच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांचे या झाडाशी जे नाते होते, ते हे. साहित्यिकांनी त्याचे खोड पाहिले. शेतकऱ्यांना सालीचा उपयोग ठाऊक होता.

ती आग पाहताना आम्हांस याच तालुक्यातील एका गावाची आठवण झाली. याचिहो आज ज्या साकुहो नगरात मोडते, त्याच नगराच्या हद्दीत ओहिनाता हे जुने गाव येते. अरुंद खोरे, थोडी शेती, रेशीम आणि कोळसा यांवर पोट. १९३० च्या सुमारास रेशमाचे भाव कोसळले आणि गाव कर्जात बुडाले. तेव्हा गावाचेच दोन भाग करून एक मांचुरियात वसवावा अशी योजना निघाली, आणि १९३८ मध्ये तिकडे 'शाखा-ओहिनाता' उभे राहिले. सरकारने त्याचा मोठा गवगवा केला. १९३९ मध्ये त्यावर कादंबरी निघाली, पुढल्याच वर्षी चित्रपट. ती जमीन पडीक नव्हती. चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांना नाममात्र मोल देऊन तेथून हुसकावले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएट सैन्य आत शिरले. उपासमार व रोग यांतून सुमारे निम्मीच माणसे मायदेशी पोचली. त्यांना मूळ गावात ना घर उरले होते, ना शेत. १९४७ मध्ये आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, कारुइझावाच्या रानात, त्यांनी झाडे तोडून नव्याने शेते केली आणि त्या वस्तीला पुन्हा ओहिनाता हेच नाव दिले. सम्राट हिरोहितो त्याच वर्षी तेथे जाऊन आले.

दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच कारुइझावात युवराज आकिहितो यांची टेनिसच्या मैदानावर एका तरुणीशी भेट झाली. १९५९ मध्ये त्या मिचिको युवराज्ञी झाल्या, आणि त्यांच्या वस्तूंवर घालावयाचे खासगी चिन्ह म्हणून शुभ्र भूर्ज निवडला गेला. जुन्या काव्याने ज्याला दारात उभे केले नव्हते, तो वृक्ष अखेर असा राजवाड्यात गेला. चिन्हाची ही कथा जपानात पुष्कळांस ठाऊक आहे. ओहिनाताची त्या मानाने फार थोड्यांस. आम्हांस दोहोंपैकी एक सांगून दुसरी वगळणे योग्य वाटले नाही.

शरद ऋतूतील वनाविषयी फार लिहिण्याजोगे नाही, कारण ज्याने त्याने ते लिहिलेच आहे. ऑक्टोबरात पाने पिवळी होतात, वर मुगिकुसा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते आणि प्रत्येक जण तेच छायाचित्र घेतो. आम्ही हा ऋतू मुद्दाम टाळला.

शेवटची फेरी जानेवारीत झाली. सुमारे सात हजार फुटांवरचा तो घाट हिवाळ्यात बंद असतो; वनापर्यंत मात्र जाता येते. यजमानांनी आम्हांस बर्फावर चालण्याची पादत्राणे दिली. हिमावर पाहिले तेव्हा प्रथम कळले की भूर्ज पांढरा नसतोच. खऱ्या शुभ्रापुढे त्याची साल किंचित पिवळट, कोठे कोठे गुलाबी दिसते. पुष्कळ जुनी झाडे शेंड्याकडून वाळली होती. काही वाऱ्याने मोडून पडली होती, आणि काहींच्या खोडाची साल हरणांनी कुरतडलेली होती. गावातील काही मंडळी ही जागा मोकळी करून भूर्जाला पुन्हा ऊन मिळवून द्यावे म्हणतात. काहींच्या मते जे येत आहे ते येऊ द्यावे. यजमानांना आम्ही त्यांचे मत विचारले. त्यांचे वडील येथे घोड्यासाठी गवत कापीत असत, असे ते म्हणाले. आणि काठीने जवळच्या बर्फातून वर आलेले, वीतभर उंचीचे फराचे रोप त्यांनी आम्हांस दाखविले.