माल हाताळणी यंत्रणेतील बहुवारिके

माल हाताळणी यंत्रणेतील बहुवारिके : साखर, धान्य, कोळसा, चुनखडी, उसाचे चिपाड (बगॅस) इ. सुटा माल मोठ्या प्रमाणावर उचलणाऱ्या, वाहून नेणाऱ्या व साठविणाऱ्या यंत्रणांत धातूऐवजी वापरले जाणारे नायलॉन, पॉलिएथिलीन, पॉलियुरेथेन यांसारखे पदार्थ. यांपासून मुख्यत्वे बादल्या, घसरपट्ट्या, रूळ आणि कोठ्यांची अस्तरे तयार करतात. साखर, सिमेंट व औष्णिक वीज हे तिन्ही उद्योग असलेल्या सोलापूर जिल्ह्यात अशा यंत्रणांना विशेष महत्त्व आहे.

इतिहास : बादल्यांच्या माळेने भार वर चढविण्याचे तत्त्व रहाटगाडग्यात आढळते. त्यातील गाडगी मातीची असत. मोट प्रथम चामड्याची असे. पुढे ती लोखंडी पत्र्याचीही होऊ लागली. अमेरिकेत ऑलिव्हर एव्हान्स (१७५५–१८१९) यांनी पट्ट्यावर लहान बादल्या बसवून पिठाच्या गिरणीत धान्य वर नेण्याची योजना केली व १७९० मध्ये स्वयंचलित गिरणीचे एकस्व मिळविले. एकोणिसाव्या शतकात पोलाद स्वस्त झाल्यावर या यंत्रणा धातूच्या बनल्या.

सोलापूर जिल्ह्यात नीरा उजव्या कालव्याच्या आधारे माळशिरस तालुक्यात ऊस वाढला आणि १९३०–४० या दशकात माळीनगर येथे सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर या उद्योगाचा मोठा विस्तार झाला. सोलापूरनजीकच्या १,३२० मेगॅवॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्राचे दोन संच अनुक्रमे २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित झाले.

दरम्यान पॉलिएथिलीन (१९३३), नायलॉन (१९३५) व पॉलियुरेथेन (१९३७) यांचा शोध लागला होता. कार्ल त्सीग्लर यांच्या १९५३ मधील कमी दाबाच्या पद्धतीमुळे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन बनविणे शक्य झाले व झीज सोसणारा हलका पदार्थ उद्योगांच्या हाती आला.

गुणधर्म व उपयोग : पोलादाचे विशिष्ट गुरुत्व सु. ७·८५, नायलॉनाचे सु. १·१४, तर पॉलिएथिलीनाचे १ पेक्षा कमी असते. बादली हलकी झाल्यास पट्ट्यावरील ताण व विजेचा खर्च कमी होतो. उसाचा रस आम्लधर्मी असतो. गळीत हंगाम संपल्यावर कारखाना नेमका पावसाळ्यात बंद राहतो. रसाचे अवशेष व दमट हवा यांमुळे त्या काळात पोलादी भाग गंजतात. बहुवारिके गंजत नाहीत. ओला कोळसा कोठीच्या भिंतीस चिकटून अडकतो व तो मोकळा करण्यासाठी आत उतरणे कामगाराच्या जिवावर बेतू शकते. गुळगुळीत अस्तरामुळे असे प्रसंग कमी होतात.

मर्यादा : पॉलिएथिलीन सु. १३५° से. तापमानास वितळते व त्याच्या बऱ्याच आधीपासून मऊ पडू लागते. त्यामुळे सिमेंटच्या तप्त क्लिंकरसाठी पोलादच लागते. नायलॉन पाणी शोषून फुगते. ऊस व चिपाड ओढणाऱ्या साखळ्यांवरील ताण मोठा असल्याने त्या पोलादाच्याच ठेवाव्या लागतात. साखरेत मिसळलेला लोखंडाचा तुकडा चुंबकाने काढता येतो, साध्या प्लॅस्टिकचा येत नाही. पोलादी बादली गावातील कर्मशाळेत जोडकाम करून पुन्हा वापरता येते. बहुवारिकी बादली फुटल्यास बहुधा बदलावी लागते. तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटत असल्याने ऐन हंगामात सुटा भाग हाताशी नसल्यास कारखान्याबरोबर ऊस उत्पादकाचेही नुकसान होते.

आघाताने ठिणगी न उडणे हा बहुवारिकांचा गुण होय. तथापि घर्षणाने त्यांवर स्थिर विद्युत् साठते व तिची ठिणगी साखरेची धूळ पेटवू शकते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाचा आरंभ बंदिस्त केलेल्या पोलादी पट्टावाहकात झाला होता. यावरून केवळ पदार्थ बदलल्याने सुरक्षितता साधत नाही. धूळ साचू न देणे, भूसंपर्कन आणि धारव्यांची नियमित तपासणी हीच तिची मूळ साधने होत, हे स्पष्ट होते. म्हणून बहुवारिकांनी धातूची जागा सर्वस्वी घेतलेली नाही. गंज, चिकटणे व वजन हे दोष असतील तेथे बहुवारिक आणि उष्णता व मोठा ताण असेल तेथे पोलाद, अशी विभागणी रूढ झाली आहे.