शेकरूचा अधिवास आणि देवराईची परंपरा : आंबेगाव-जुन्नर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला आहे. भीमाशंकरच्या अरण्यात आढळणारे शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. वन्यप्राण्याचे संरक्षण म्हणजे केवळ शिकारबंदी नव्हे. त्याच्या अधिवासाची जपणूक हाच संरक्षणाचा पाया असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने परिसराच्या वन-इतिहासाचा विचार केला आहे.

अधिवासाचे स्वरूप :
शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावत ते वावरते, उंच फांद्यांवर काटक्या व पानांची घरटी बांधते आणि फळे, पाने, फुले व साल यांवर जगते. त्यामुळे एकमेकांना भिडलेल्या फांद्यांचे अखंड छत्र ही त्याच्या अस्तित्वाची पहिली अट ठरते. रस्ता वा वृक्षतोड यांमुळे छत्रात खंड पडला की त्याचा मार्गच तुटतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भीमाशंकरला आढळणाऱ्या शेकरूच्या उपजातीचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३१ मध्ये केले व तिला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था रूढ झाली आणि ग्रामस्थांचे परंपरागत हक्क आकुंचित झाले. भातशेतीच्या राबासाठी फांद्या छाटण्याची प्रथा हा तेव्हापासून शासन व शेतकरी यांच्यातील वादाचा विषय राहिला. याच काळात देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत मात्र कुऱ्हाड वर्ज्य होती. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. शासनाने १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौ. कि. मी. आहे.

अधिवास-व्यवस्थापन :
अभयारण्याची सीमा नकाशावर संपते. वृक्षांची साखळी तेथे संपत नाही. सीमेबाहेरच्या देवराया व मालकीच्या जमिनीतील हिरड्याची झाडे ही त्या साखळीतील कडी होत. महादेव कोळी समाजाला हिरड्यातून रोख उत्पन्न मिळते. म्हणून उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा मोलाचे ठरते. हिरड्याला रास्त भाव मिळणे हादेखील अधिवास-व्यवस्थापनाचाच भाग मानावा लागेल. यात्रेकरूंसाठी रस्ते रुंद करताना दोन्ही बाजूंच्या जुळलेल्या फांद्या राखणे आणि तुटलेल्या ठिकाणी आंबा, जांभूळ, उंबर अशी स्थानिक झाडे लावणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
राखीव वनाच्या धोरणाने ग्रामस्थाला वनापासून दूर केले. देवराईने त्याला राखणदार केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक वनसंपत्तीचे संरक्षण व संवर्धन करण्याचा अधिकार मान्य केला आहे. ग्रामसभा व वन विभाग यांनी तो एकत्रितपणे अमलात आणल्यासच शेकरूचे छत्र अखंड राहील. राज्यप्राणी हा बहुमान वृक्षांवाचून पोकळ ठरेल.