युरोपातील शांतता आणि वऱ्हाडातील तह

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या मार्गावरील अनसिंग या गावाचे नाव युरोपातील कोणत्याही तहनाम्यात येण्याचे कारण नव्हते. तथापि एकोणिसाव्या शतकात या गावाच्या स्वामित्वात जे फेरफार झाले, ते एकूण एक तहांनी वा करारांनी झाले. आणि त्या तहांची भाषा, त्यांचे साचे, इतकेच नव्हे तर त्यांपैकी एकावर सही करणारा पुरुषही युरोपातील शांततेच्या इतिहासात ठळकपणे वावरलेला आहे. व्हिएन्नाच्या परिषदेने युरोपास दीर्घकालीन शांतता दिली, असे इतिहासग्रंथांतून सामान्यतः प्रतिपादिले जाते. क्रिमियाचे युद्ध आणि १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध हे अपवाद मानूनही त्या विधानात बरेच तथ्य उरते. परंतु त्या शांततेचे नियम कोणासाठी होते आणि कोणासाठी नव्हते, हा प्रश्न व्हिएन्नात बसून सुटत नाही. तो वऱ्हाडातून पाहिला असता अधिक स्पष्ट दिसतो.

१८०३ पूर्वी वऱ्हाडात दोअमली होती. निजामाचे आणि नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार एकाच मुलखातून आपापला हिस्सा वसूल करीत. ही व्यवस्था रयतेस सुखाची होती असे मुळीच नाही. एका पिकावर दोन धनी बसले म्हणजे काय होते, हे सांगावयास नको. मात्र त्या व्यवस्थेत सीमारेषा नव्हती, हिस्सेरशी होती. ती मोडून नदी आणि डोंगर यांच्या आधारे सीमा आखण्याची कल्पना तहाच्या कागदाबरोबर आली.

त्या तहाची पूर्वपीठिका युरोपात आहे. मार्च १८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आमियाँचा तह झाला. त्यानुसार हिंदुस्थानातील फ्रेंच ठाणी फ्रान्सला परत मिळावयाची होती. ती ताब्यात घेण्यासाठी जनरल दकाँ जुलै १८०३ मध्ये पाँडिचेरीस पोहोचला. पण तत्पूर्वीच, मे महिन्यात, युरोपातील युद्धास पुन्हा तोंड लागले होते, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने ठाणी हवाली केलीच नव्हती. दकाँ मॉरिशसकडे निघून गेला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १८०३ मध्ये, शिंदे-भोसल्यांशी युद्ध सुरू झाले. शिंद्यांच्या कवायती पलटणींवरील फ्रेंच सरदारांचा धोका हे त्या युद्धाचे एक प्रमुख समर्थन म्हणून मांडण्यात आले. तो धोका किती खरा होता याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे, कारण त्या सरदारांचा मुख्य पेराँ हा युद्धाच्या पहिल्याच टप्प्यात इंग्रजांच्या आश्रयास गेला. परंतु धोक्याच्या खरेपणापेक्षा त्याचा उपयोग मोठा ठरला.

२३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अडगावची. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, एलिचपूरनजीक देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला. इंग्रजांतर्फे मेजर जनरल आर्थर वेलस्ली आणि सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांच्यातर्फे यशवंतराव रामचंद्र यांनी तो ठरविला. पुढे ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. देवगावच्या तहान्वये वर्धा नदी ही भोसल्यांच्या राज्याची निजामाकडील सीमा ठरली. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या दक्षिणेस लागून असलेला चार लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. बाकी डोंगरांच्या दक्षिणेस व वर्धेच्या पश्चिमेस जे काही होते, ते सर्व इंग्रज सरकार व त्यांचे दोस्त यांचे झाले. अनसिंग त्या ‘सर्व’ या एका शब्दात आले. एप्रिल १८०४ मधील हैदराबादच्या वाटणीच्या तहाने ते निजामाकडे गेले.

‘चार लाखांचा मुलूख’ ही शब्दयोजना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. अकरा वर्षांनंतर व्हिएन्ना येथे पोलंड आणि सॅक्सनी यांच्या वाटणीवरून मोठ्या सत्तांत विकोपास जाण्याइतका वाद झाला, तेव्हा डिसेंबर १८१४ मध्ये एक सांख्यिकी समिती नेमण्यात आली. वाटावयाच्या प्रदेशांतील लोकसंख्या मोजणे हे तिचे काम होते, आणि त्या मोजणीचे परिमाण ‘जीव’ हे होते. प्रशियाला इतके जीव, रशियाला इतके. फ्रान्सच्या तालेराँने या मोजदादीस हरकत घेतली ती एवढ्यापुरतीच की, जीवांची संख्या पाहावी तसा त्यांचा दर्जाही पाहावा. युरोपात जीव मोजले गेले, वऱ्हाडात रुपये. प्रजेला विचारावे असे दोन्हीकडे कोणाच्या मनात आले नाही. तरी हा फरक शाब्दिक नव्हे. ज्याचा जीव मोजला जातो तो निदान राज्याचा घटक म्हणून मोजला जातो, ज्याचा सारा मोजला जातो तो केवळ उत्पन्नाची बाब असतो. दख्खनमध्ये ही रीत इंग्रजांनी आणली असेही नाही. सरंजाम आणि चौथाई यांची गणना रुपयांतच होत आली होती. इंग्रजांनी ती सीमारेषेला जोडली.

देवगावच्या तहात आणखी दोन कलमे होती, ज्यांचा अर्थ युरोप डोळ्यांसमोर ठेवल्यावाचून लागत नाही. एकाने भोसल्यांनी फ्रेंच मनुष्य, अथवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेचा प्रजाजन, आपल्या चाकरीत न ठेवण्याचे कबूल केले. दुसऱ्याने दोन्ही दरबारांत एकमेकांचे प्रतिनिधी राहावे असे ठरले. दुसरे कलम वरकरणी बरोबरीचे आहे. मराठी दरबारात परराज्यातील प्रतिनिधीस ‘वकील’ म्हणत. तो बातमीपत्रे पाठवी, वस्त्रे पोहोचवी, प्रसंगी तह ठरवी. इंग्रजांचा प्रतिनिधी ‘रेसिडेंट’ झाला. युरोपात राजप्रतिनिधींचे दर्जे मार्च १८१५ मध्ये व्हिएन्ना येथे नियमबद्ध करण्यात आले आणि १८१८ मध्ये एक्स-ला-शापेल येथे त्यांत निवासी मंत्र्यांची एक पायरी वाढविण्यात आली. युरोपीय क्रमवारीत खालच्या पायरीवर राहिलेला हा शब्द नागपुरात आणि हैदराबादेत मात्र राजाच्याही वर जाऊन बसला. ‘वकील’ या शब्दाची वाटचाल याच्या नेमकी उलट झाली. परराज्यांशी स्वतंत्र पत्रव्यवहाराचा अधिकार संपला तसा राज्याचा वकील नाहीसा होत गेला, आणि तो शब्द अदालतीतल्या पक्षकाराच्या वकिलापुरता उरला. शब्दाच्या अर्थसंकोचामागे राज्याचा संकोच असल्याचे याहून ठळक उदाहरण मराठीत सहसा सापडत नाही.

पहिल्या कलमाचे काम पुढे युरोपातील तहानेच पुरे केले. मे १८१४ च्या पॅरिसच्या तहाने फ्रान्सला हिंदुस्थानातील ठाणी परत मिळाली, पण तेथे तटबंदी उभारू नये व केवळ बंदोबस्तापुरतेच सैन्य ठेवावे, या अटीवर. पाँडिचेरी प्रत्यक्ष हाती आली ती डिसेंबर १८१६ मध्ये. फ्रेंचांकडून मराठ्यांना खरी मदत मिळण्याचा संभव त्यापूर्वीही थोडाच होता. परंतु संभव आहे एवढ्यानेच वाटाघाटीत वजन पडते. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवे खडकीला आणि अप्पासाहेब भोसले सीताबर्डीला लढले, तेव्हा ते वजनही उरले नव्हते. नरनाळा, गाविलगड आणि त्यांखालचा तो चार लाखांचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि डिसेंबर १८२२ च्या तहाने निजामाकडे आला.

आर्थर वेलस्ली तोपर्यंत ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता. फेब्रुवारी १८१५ मध्ये कॅसलरेच्या जागी तो व्हिएन्ना परिषदेत इंग्लंडचा प्रतिनिधी म्हणून बसला. वॉटर्लूनंतर नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिसच्या दुसऱ्या तहाने फ्रान्सवर सत्तर कोटी फ्रँकांचा दंड बसला आणि दीड लाखांची दोस्त फौज फ्रान्सच्या खर्चाने त्या देशात ठेवण्यात आली. तिचा सेनापती वेलिंग्टन होता. मात्र या फौजेला मुदत होती : अधिकात अधिक पाच वर्षे, तीन वर्षांनी फेरविचार. १८१८ मध्ये एक्स-ला-शापेल येथे तो फेरविचार झाला, फौज उठली आणि पराभूत फ्रान्स मोठ्या सत्तांच्या पंक्तीत पुन्हा सामील झाला.

याच सुमारास हैदराबादेत रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकाराने निजामाच्या खर्चाची आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची एक फौज उभी राहिली होती. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्ध झाली. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली येथे तिची छावणी होती. १८०० च्या तहाने निजामाने युद्धकाळात फौज पुरवावयाची होती. शांततेच्या काळी ती कायम बाळगण्याचे बंधन त्या कलमातून काढणे हा ओढाताणीचा अर्थ होता. निजाम पराभूत शत्रू नव्हता, दोस्त होता. शत्रू असलेल्या फ्रान्सची फौज तीन वर्षांत उठली. दोस्ताची उठलीच नाही. पगार थकले, कर्ज वाढले, आणि २१ मे १८५३ रोजी, डलहौसीच्या कारकिर्दीत, निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सुमारे पन्नास लाखांच्या उत्पन्नाचे प्रांत त्या खर्चासाठी इंग्रजांच्या स्वाधीन केले. डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत गेले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड राहिले. शेतसारा इंग्रजांच्या खजिन्यात आणि सार्वभौमत्व निजामाकडे, अशी ही नवी दोअमली होती. अनसिंग ज्या वाशीम जिल्ह्यात पडले, तो ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ यांपैकी एक. ‘असाइन्ड’ या शब्दातून मालकीही कळत नाही आणि मुदतही.

हा वाद न्यायासनापुढे नेता आला असता काय? १८५६ च्या पॅरिसच्या तहाने तुर्कस्तानला युरोपच्या सार्वजनिक विधीचा लाभ देऊ केला. हिंदुस्थानी राज्यांना तो कधीच मिळाला नाही; उलट मणिपूरच्या प्रकरणानंतर, ऑगस्ट १८९१ मध्ये, हिंदुस्थान सरकारने राजपत्रातून जाहीर केले की, सम्राज्ञीचे प्रतिनिधी असलेले हे सरकार आणि तिच्या अधिसत्तेखालील संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय विधीची तत्त्वे लागू नाहीत. ज्या संस्थानांशी ‘चिरंतन मैत्री’चे तह झाले होते त्यांत हैदराबाद होतेच. १८९९ मध्ये हेग येथे शांतता परिषद भरली. सव्वीस राज्यांत इराण, सयाम, चीन व जपानही होते. तेथे स्थायी लवाद न्यायालय स्थापन झाले आणि त्याने आपला पहिला निवाडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको यांच्या वादात, ऑक्टोबर १९०२ मध्ये दिला. त्याच वर्षी मार्चअखेर लॉर्ड कर्झनने हैदराबादेस निजाम मीर महबूब अली खान यांची समक्ष गाठ घेतली आणि ५ नोव्हेंबरला करार झाला : वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे. पट्टा म्हटला की मुदत आली. ‘कायमचा पट्टा’ हा शब्दप्रयोग कुणब्याला सहज उमगण्यासारखा नव्हता, आणि विधिपंडितांनाही तो फारसा उमगला असेल असे वाटत नाही.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुढे वऱ्हाड परत मागितले आणि वादाच्या निर्णयासाठी आयोग नेमण्याची विनंती केली. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने ती नाकारली. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च असल्याने कोणत्याही संस्थानाच्या राजास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत, असे त्या पत्रात होते. अधिसत्तेच्या सिद्धान्ताचे एवढे उघड प्रतिपादन वऱ्हाडाच्या निमित्ताने व्हावे, हा योगायोग नव्हे. तहांचे इतके थर अन्यत्र क्वचितच साचले होते. ऑक्टोबर १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले आणि त्यांच्या ज्येष्ठ पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडून वाशीम तालुका अकोला जिल्ह्यास जोडला गेला होता. अनसिंगचा सारा त्या तालुक्याच्या कचेरीत भरला जात होता, आणि १९३६ च्या करारानंतरही तो तेथेच भरला जात राहिला.