आठ अक्षरांचा समास



संगणकाला जोडलेलं यंत्र संगणकाला ओळखता यावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र विकणारी कंपनी तो देते, आणि काही वर्षांनी द्यायचा बंद करते. माझा वेबकॅम असाच निकालात निघाला होता. "नवीन घ्या" एवढंच उत्तर मिळालं. भाच्याने संगणकावर लिनक्स घालून दिलं आणि तोच कॅमेरा मुकाट चालू लागला. "मावशी, कुणीतरी हा ड्रायव्हर लिहून सगळ्यांसाठी ठेवलाय," तो म्हणाला. लिहिणारे बाजूला होतात, तरी दुसऱ्या कुणाला तरी तो वाचून दुरुस्त करता येतो, याचं मला जास्त नवल वाटलं. म्हणून त्यांचे लेखननियम मागवून वाचले. (अडलं तिथे भाचा होताच.)

लिनक्सची सुरुवात १९९१ची, हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सची. पुढे जगभरातून लोक कोड पाठवू लागले, तेव्हा तो कसा लिहावा याचं त्याने एक टिपण केलं. सूर अगदी खाष्ट! ग्नू प्रकल्पाचे नियम छापून घ्या आणि न वाचता जाळा, इथूनच सुरुवात. मग नियम. आतल्या प्रत्येक पायरीला आठ अक्षरांचा समास. ओळी फार उजवीकडे सरकतात अशी तक्रार केलीत, तर उत्तर तयार आहे: तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर तुमचा प्रोग्रॅमच चुकलाय. टीप लिहिताना कोड काय करतो ते सांगा, कसा करतो ते नको. ते कोड वाचूनच कळायला हवं. हा नियम मला फार आवडला. निबंधाच्या वह्या ज्यांनी तपासल्यात त्यांना कारण सांगायला नको.

ओळ ८० अक्षरांची. हा आकडा आयबीएमच्या १९२८च्या भोकं पाडायच्या कार्डापासून चालत आलेला. कार्डं गेली, आकडा राहिला. नियम तपासायला २००७पासून एक प्रोग्रॅमच आहे, आणि त्याने १०० अक्षरांपर्यंत गप्प बसायचं हे ठरायला २०२० साल उजाडलं. आपल्याकडे अनुस्वारांवरून किती वर्षं भांडणं झाली ते आठवा!

२००३मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमचा कोड चोरून लिनक्समध्ये घातला, असा आरोप. कुठली ओळ कुणाकडून आली याचा पुरावा काय, हा प्रश्न उभा राहिला. २००४पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने नाव घालायचं, म्हणजे हे देण्याचा हक्क मला आहे अशी हमी. वर्गात वहीवर नाव नसेल तर मी ती बाजूला ठेवत असे, तसंच.

तरी कच्चे ड्रायव्हर येतच राहिले. ते हाकलायचे तर यंत्रं बंद पडणार. मग २००८ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन याने त्यांच्यासाठी स्टेजिंग नावाची वेगळी जागा काढली. मी तिला बालवाडी म्हणते. तिथे सुधारा, मग वरच्या वर्गात.

२००९च्या जुलैमध्ये या बालवाडीत कोण यावं? मायक्रोसॉफ्ट! हायपर-व्ही या त्यांच्या यंत्रणेचे ड्रायव्हर, सुमारे २०,००० ओळी. टोरवाल्ड्सच्या टिपणात नावं ठेवण्याच्या पद्धतीवरून याच कंपनीला टोमणा मारलेला होता, आणि आता तिचाच कोड दारात. घालवून मात्र कुणी दिलं नाही. क्रोआ-हार्टमनने स्वतः दोनशेहून जास्त दुरुस्त्या केल्या. मधे कंपनीची माणसं गप्प बसली, तेव्हा कोड काढून टाकीन असा दमही भरला. मग त्यांनी समास सुधारले, नावं बदलली, निरुपयोगी ओळी उडवल्या. बालवाडीतून शेवटचा ड्रायव्हर वरच्या वर्गात गेला २०१२ साली.