प्रोग्राममधून दूरच्या संगणकाशी जोडणी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस कंपनीचे डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणचा सर्व्हर वापरणाऱ्याला तिथे पाऊल ठेवावे लागत नाही. सगळे काम जाळ्यावरून चालते. समजा, पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्ष पॅकहाऊसमधून दिवसभराच्या वजनांची फाइल रोज रात्री दोन वाजता तशा सर्व्हरवर पाठवायची आहे. त्या वेळी कीबोर्डसमोर कोणी नसते. जोडणी प्रोग्रामलाच करावी लागते.

यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू यूलोनेन यांनी ती तयार केली. जुन्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जात असे. एसएसएचमध्ये सगळी देवाणघेवाण सांकेतिक होते. सर्व्हर सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहतो.

माणूस पहिल्यांदा जोडणी करतो तेव्हा एसएसएच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारते, ‘पुढे जायचे का?’ प्रोग्रामला हे ठरवता येत नाही. पायथॉनची पॅरामिको ही लायब्ररी अनोळखी सर्व्हर मुळात नाकारते. वैतागून अनेक जण ‘येईल तो सर्व्हर स्वीकार’ असा पर्याय लावतात आणि काम सुरू होते. पण मग मध्येच कोणी तोतया यंत्र उभे केले, तरी फाइल मुकाट त्याच्याकडे जाईल. सर्व्हरचा ठसा आधीच खात्रीच्या मार्गाने मिळवून प्रोग्रामच्या संगणकावर नोंदवणे, हाच खरा उपाय.

पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहिणेही टाळावे. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी करतात: खासगी किल्ली पॅकहाऊसमध्येच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये एका ओळीत नोंदवली जाते.

जोडणी झाली म्हणजे काम झाले असे नाही. सर्व्हरची डिस्क भरलेली असू शकते. म्हणून आज्ञेचा परतीचा अंक तपासावा (शून्य म्हणजे यश) आणि पोहोचलेल्या फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहावा. प्रतीक्षेला काही सेकंदांची मर्यादाही हवी, नाहीतर इंटरनेट गेल्यावर प्रोग्राम सकाळपर्यंत अडकून राहतो.

सर्व्हरवरच्या खात्याला फक्त त्या एका फोल्डरपुरते अधिकार द्यावेत. पॅकहाऊसचा संगणक चोरीला गेलाच, तर सर्व्हरवरून सार्वजनिक किल्लीची ती ओळ काढली की चोराला त्या किल्लीने आत शिरता येत नाही.