न मोजलेल्या ओढ्याचा पूर

घाटातल्या ओढ्यावर मोरी बांधायची तर पुराचं पाणी किती येईल हे आधी सांगावं लागतं, आणि नेमकं त्याच ओढ्याचं पाणी कधी कुणी मोजलेलं नसतं. सह्याद्रीपुरता यावर एक तोडगा आहे: इंग्लिसचं सूत्र. पाणलोटाचे चौरस मैल घ्या, ७,००० ने गुणा, मग त्याच मैलांत ४ मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. १२ चौरस मैलांना २१,००० क्युसेक. गंमत म्हणजे, पाऊस किती पडतो हे सूत्र विचारतच नाही.

अशा सूत्रांच्या घराण्याचा मूळपुरुष डिकन्स. १८६५ साली त्याने पूर क्षेत्रफळाच्या पाऊण घाताशी बांधला. १८८४ मध्ये मद्रासकडे राइव्हजने दोन-तृतीयांश घात धरला. दोघांनीही पुढे एक गुणांक ठेवला आणि खरी मेख तिथेच आहे. मेट्रिक मापात डिकन्सचा गुणांक उत्तरेच्या मैदानात ६, तर मध्य भारतात १४ ते २८. म्हणजे एकाच ओढ्याचा पूर, गुणांक निवडणाऱ्याच्या मर्जीने, दुप्पट!

क्लॉड इंग्लिस हा मुंबई इलाख्यातला आयरिश अभियंता, पुढे खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचा संचालक. त्याने आणि डिसोझांनी १९२९-३० च्या सुमारास पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहनोंदी तपासल्या. घाटातले पाणलोट पंख्यासारखे पसरट. सगळ्या फाट्यांचं पाणी जवळजवळ एकदमच तोंडाशी येतं. मुलूख एकच, म्हणून गुणांक बदलायची गरज उरली नाही. मुसळधार पाऊस त्या ७,००० मध्येच मुरलेला आहे. पाणलोट आठपट, ९६ चौरस मैल, केला तर पूर होतो ६७,२०० क्युसेक, जेमतेम सव्वातीनपट. एवढ्या मोठ्या टापूवर पाऊस एकाच वेळी तेवढ्या जोराने कोसळत नाही, आणि लांबचं पाणी पोचेपर्यंत जवळचं वाहून गेलेलं असतं.

वर्षाच्या येव्याचा हिशेबही या जोडीने मांडला, आणि मला तो पुराहून बोलका वाटतो. घाटात पावसाच्या ८५ टक्क्यांतून ३०.५ सेंटिमीटर वजा करायचे: ३०० सेंटिमीटर पडले तर सुमारे २२४ वाहतात. देशावरचं सूत्र वेगळं. तिथे ६० पडले तर वाहतात जेमतेम १०. बाकीचं जमीन पिते, ऊन नेतं.

आता केंद्रीय जल आयोगाने देशाचे २६ उपविभाग पाडून अहवाल काढलेत. त्यांत पाऊस, उतार, ओढ्याची लांबी सगळं विचारतात. इंग्लिसचा आकडा मात्र ताळ्यासाठी अजून काढला जातो. मैल गेले, चौरस किलोमीटर आले, ७,००० चे १२४ आणि ४ चे १०.४ झाले.